साखरेची कपाशी

द्वारकानं ताटलीतली पाकळी उचलली, खिडकीच्या उजेडासमोर धरली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. मग दुसरी उचलली. तीही टाकली. तिसरीसाठी ती वाकली, तेव्हा मनकर्णानं ताटलीवर हात ठेवला.

"काय झालं तिला?"

"जाड आहे. फूल करायचंय, भाकर नाही थापायची."

टेबलाभोवती बसलेल्या बाकीच्या चौघी हसल्या. मनकर्णाचे कान तापले. बावन्न वर्षांची बाई, सिल्लोडच्या अलीकडच्या गावात तीस वर्षं जिच्या शब्दावर घर उठलं-बसलं, ती आज सिडकोतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून पाणउतारा करून घेत होती. आणि करणारी कोण, तर धाकटी जाऊ! बारा वर्षं दोघींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. पाहिलं ते हे असं.

सुरुवात सकाळी दारातच झाली होती. द्वारका वही घेऊन एकेकीचं नाव लिहीत होती. मनकर्णासमोर आली, चष्म्यावरून तिच्याकडं सरळ बघितलं आणि विचारलं, "नाव?"

"तुला ठाऊक नाय?"

"इथं सगळ्यांनाच विचारते मी. नाव सांगा."

"मनकर्णा आप्पासाहेब फरकाडे."

"मॅडम, तुमारा भी फरकाडेच है ना?" रोशन गेटहून आलेली फरहीन म्हणाली. वीस-बावीस वर्षांची बडबडी पोरगी, मनात आलं की तोंडात आलंच.

"आमच्याकडं फरकाडे ढिगानं आहेत," द्वारका म्हणाली आणि पुढं सरकली.

चैत्राचं ऊन खिडकीच्या गजांवर तापलं होतं. खोलीत कूलर होता, पण बंद. ओल्या हवेत साखर घाम धरते, असं द्वारकानं आधीच बजावलं होतं. गमपेस्ट म्हणजे तरी काय, पिठीसाखरेत डिंकासारखी पावडर घालून मळलेला पांढरा गोळा. उघडा राहिला की दगड, पाणी लागलं की चिखल. त्याची कागदासारखी पाकळी लाटायची, स्पंजवर ठेवून गोल डोक्याच्या काडीनं तिच्या कडा पातळ करायच्या, वाटीत बसवायची आणि वाळवायची. द्वारकानं एक गुलाब करून दाखवला. तिची बोटं अशी चालली की फरहीननं फोन काढून त्यांचा व्हिडिओ घेतला. मनकर्णा मात्र खिडकीबाहेर बघत राहिली, कारण त्या बोटांकडं बघायचं नाही असं तिनं ठरवून टाकलं होतं.

त्यामुळेच घोळ झाला. गोळा झाकून ठेवायचा एवढं तिनं ऐकलं आणि जन्मभर कणीक झाकली तशी पिशवीतला रुमाल ओला करून, घट्ट पिळून वरून टाकला. अर्ध्या तासानं रुमाल उचलला, तर खाली पांढरा चिखल आणि रुमाल त्यातच चिकटलेला.

"अहो बाई!" द्वारका जागेवरूनच ओरडली. "पाणी? साखरेवर पाणी?"

"कणकीवर टाकतेत की."

"मग कणीकच मळायची होती घरी बसून. इथं कामून आलात?"

शहरात राहून द्वारकाची भाषा पार शहरी झाली होती, पण राग आला की गावाची बोली तिच्या तोंडात परत यायची. मनकर्णालाही राहवलं नाही. चिखल खरवडता खरवडता ती पुटपुटली, "दोन एकर रान फुंकून हे मांडलंस व्हय?"

द्वारकानं ते ऐकलं. नवीन गोळा काढला आणि तिच्या ताटलीत जरा जोरातच आदळला.

"माझ्या नवऱ्याच्या वाटणीचं होतं. फुंकलं नाही, ओव्हन घेतला. लाटा."

मनकर्णा उठून गेली असती. तसा तिचा स्वभावच होता. अपमान झाला की ताट ढकलून उठायचं. पण ती उठली नाही, कारण कांचनचं लग्न वैशाखात होतं आणि त्या लग्नाचं एकही काम तिच्या हातात नव्हतं. आप्पासाहेबांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. घरातल्या बायका तिला वाकडं बोलत नव्हत्या, उलट नको इतकं गोड बोलत होत्या. हळदीची दळणं असोत, रुखवत असो, बांगड्या भरणं असो, ती जिथं बसेल तिथून तिला हळूच उठवलं जायचं. "तुम्ही राहू द्या, वैनी. तुम्ही दमल्या असाल." पोटच्या पोरीचं लग्न आणि आई पाहुण्यासारखी ओट्यावर!

शेवटी कांचननंच वाट काढली. मुलाकडच्यांनी रिसेप्शनला तीन थरांचा पांढरा केक सांगितला होता. "त्यावरची फुलं तू कर, आई. केकला कसलं आलंय शास्त्र? तिथनं तुला कोण उठवंल?" थराला आठ, तीन थरांना चोवीस. चोवीस फुलं झाली, तर लेकीच्या लग्नात आईचा हात लागणार होता. नाही झाली, तर नाही. मनकर्णासाठी गोष्ट इतकी सरळ होती.

शिकवणाऱ्या बाया शहरात दहा होत्या. तरी तिनं कांचनला द्वारकाकडंच नाव नोंदवायला लावलं. फरकाड्यांच्या घरात द्वारकासारखी बोटं दुसऱ्या कुणाला नव्हती. हे मनकर्णाला कबूल करावं लागलं होतं, आणि तिला सगळ्यात जास्त संताप त्याचाच होता.

दुसऱ्या शनिवारी सगळ्यांनी घरून सहा-सहा गुलाब करून आणायचे होते. मनकर्णानं स्टीलचा डबा टेबलावर ठेवला. द्वारकानं झाकण काढलं आणि बराच वेळ आत नुसती बघत राहिली. गुलाब उकलले होते. पाकळ्यांना तडे गेले होते आणि कडांना पिवळी भुकटी चिकटली होती.

"हे कशात वाळवलं?"

"गच्चीवर. बाजेवर लुगडं टाकून."

"उन्हात?"

"मग? कुरडया, पापड, शेवया, समदं उन्हातच वाळतंय."

"आणि हे पिवळं काय?"

"मुंग्या लागल्या साखरंला. म्हणून भवती हळदीची रेघ वढली. वारं सुटलं."

द्वारकानं झाकण टेबलावर आपटलं. "सावलीत वाळवायचं, पंख्याखाली! तीनदा सांगितलं होतं मी, तीनदा. वाळवण घालायला आलात का माझ्याकडं? अक्कल कुठं ठेवून येता? एवढी साखर, एवढी मेहनत मातीत घातली!" बोलता बोलता तिनं दोन गुलाब उचलून कचऱ्यात टाकलेही. सिडकोतल्या बाया खाली बघू लागल्या. आता त्यांना हसू येत नव्हतं. ही मॅडम दुसऱ्या कुणावर अशी ओरडत नाही, हे त्यांच्याही ध्यानात आलं होतं.

फरहीननं तिसरं फूल द्वारकाच्या हातात पडायच्या आधीच उचललं. उन्हानं त्याच्या आतल्या पाकळ्या गळून पडल्या होत्या. बाहेरच्या पाचच उरल्या होत्या, हळदीनं फिकट पिवळ्या झालेल्या.

"पर मॅडम, ये तो कपास का फूल दिखरा ना! मेरे नानी के खेत में ऐसेच रहता."

मनकर्णानं तिच्या हातातून ते घेतलं. खरंच की. सकाळी उमललेलं कपाशीचं फूल असंच असतं. तीस वर्षं तिनं ते बघितलं होतं, पण फूल म्हणून कधी बघितलं नव्हतं. आता याचं बोंड धरणार, एवढंच बघितलं होतं.

"गुलाब नको मला," ती म्हणाली. "मी कपाशी करते."

"केकवर कपाशी?" द्वारका म्हणाली. "मुलाकडचे हसतील."

"हसू दे. पोरगी कपाशीवरच शिकली."

द्वारका काहीतरी लागट बोलणार होती. तिचं तोंड उघडलंही होतं. पण आलं ते भलतंच. "पाच पाकळ्या. एकीवर एक, सगळ्या एकाच अंगाला वळलेल्या. पहिल्या दिवसाचं पिवळसर, दुसऱ्या दिवशी तेच फूल गुलाबी होतं. दोन्ही रंग लागतील." एवढं बोलून ती स्वतःवरच चिडली. "आणि जमलं नाही तर मला बोल लावायचा नाही."

जमत नव्हतंच. काडीनं दाबलं की पाकळी फाटायची, नाही दाबलं की जाड राहायची. मनकर्णानं त्या दिवशी पन्नासेक पाकळ्या केल्या, आणि संध्याकाळी बसस्टँडवर जाताना तिच्या हातात एकही फूल नव्हतं. रिक्षात बसल्यावर तिला रडू आलं. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं, म्हणून तिनं पदरानं तोंड पुसलं आणि बाहेर हर्सूलकडं जाणाऱ्या ट्रका मोजत बसली.

तिसऱ्या शनिवारी तिनं तासभर काडीशी झटापट केली. मग चौफेर बघितलं. द्वारका पाठमोरी उभी राहून रंगाच्या बाटल्या लावत होती. मनकर्णानं काडी बाजूला ठेवली. हाताला डालड्याचं बोट लावलं, बोराएवढा गोळा चिमटीत घेतला, ताटलीच्या पालथ्या कडेवर ठेवला आणि अंगठ्याच्या नखानं दाबत दाबत स्वतःकडं ओढला. पाकळी सरसर पसरत गेली. कड पातळ झाली आणि आपसूक वळली. तिनं दुसरी केली. तिसरी केली. बोटांना जणू रस्ता सापडला होता, आता त्यांना थांबायचं नव्हतं.

"आंटी, ये क्या कर रे तुम?" फरहीन वाकून बघू लागली.

"नखुल्या."

"वो क्या रहते?"

"लग्नात करतेत. कणकीच्या, इवल्या इवल्या, नखानं दाबून. शिंपल्यावानी दिसतेत. खिरीत घालतेत."

बाटल्या लावणारा द्वारकाचा हात थांबला. ती वळली नाही. एक बाटली तिनं उचलली, परत तिथंच ठेवली आणि पाण्याचा ग्लास घेऊन आत गेली.

थोड्या वेळानं लाइट गेली. पंखा थांबला तशी खोली भट्टीसारखी तापली आणि बाकीच्या चौघी गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. मनकर्णा उठली नाही. गोळा वाळून गेला असता. द्वारका आतून आली. तिच्यासमोरचं स्टूल ओढून बसली.

"नखुल्या झाल्या कांचनच्या?"

"झाल्या. मंगळवारी."

"कोण कोण होतं?"

"सरूबाई व्हती." सरूबाई म्हणजे दोघींची नणंद. "भागूबाई व्हती. आणिक तिघी. पाच सवाष्णी."

"तुम्ही?"

मनकर्णानं पाकळी वाटीत बसवली. "मी चहा केला."

"मीपण चहाच केला होता," द्वारका म्हणाली.

त्याला बारा वर्षं झाली होती. मनकर्णाच्या थोरलीचं, सुनंदाचं लग्न होतं. बद्रीनाथ जाऊन, म्हणजे द्वारका विधवा होऊन, तेव्हा आठ महिने झाले होते. ओसरीवर पाच सवाष्णी परात मांडून बसल्या होत्या, गप्पा रंगल्या होत्या. द्वारका सगळ्यांना चहा देऊन सवयीनं कडेला टेकली. सवयीनंच तिनं चिमटीभर कणीक घेतली आणि नखुल्या पाडायला लागली; दरवर्षी साऱ्या गावाच्या लग्नांत तिलाच बोलवायचे ना. कुणाच्या ध्यानातही आलं नाही. मनकर्णाच्या आलं. तिनं परात उचलली. "तुला काय लाज? लेकराच्या संसाराचं हाय हे. तुझ्या हातचं नको." भरल्या ओसरीत बोलली. आणि बोलून थांबली नाही. परातीत बोटं घालून द्वारकानं केलेल्या नखुल्या तिनं एकेक वेचून काढल्या आणि अंगणात कोंबड्यांपुढं फेकल्या. पंधरा दिवसांनी द्वारकानं घर सोडलं.

"किती होत्या, आठवतं?" द्वारकानं विचारलं.

"आठ."

उत्तर इतक्या लगेच येईल असं द्वारकाला वाटलं नसावं. गॅलरीतून फरहीनचं हसणं ऐकू येत होतं.

"परातीत हजारभर असतील. माझ्या आठ कशा सापडल्या तुम्हाला?"

"सापडल्या."

"कशावरून? सांगा ना. बारा वर्षं झाली, एवढं एकच विचारायचं राहिलंय माझं."

मनकर्णानं दुसरा गोळा चिमटीत घेतला. तो दाबला नाही, नुसता फिरवत राहिली. कपाळावरचा घाम भुवईत उतरला तरी तिनं पुसला नाही.

"पातळ व्हत्या," ती म्हणाली. "तशा दुसऱ्या कुणालाच जमत नव्हत्या."

"आणि तरी टाकल्या."

"टाकल्या."

"आता माफी मागायला आलात व्हय माझ्या दारात?"

"नाय. फुलं शिकायला आले."

"बरं केलंत," द्वारका उठत म्हणाली. "माफी मागितली असती तर जिन्यावरून खाली ढकललं असतं." आणि गॅलरीतल्या बायांना तिनं हाक मारली, वेळ वाया घालवू नका म्हणून.

त्या दिवशी मनकर्णाची सोळा फुलं झाली. जराशी जाडच, पण कपाशीची. कुणीही ओळखावीत अशी. ती डब्यात भरायला लागली तर द्वारकानं डबा बाजूला सारला.

"इथंच वाळतील. घरी नेलीत तर परत हळदीत लोळवाल."

"आठ राहिली."

"मला मोजता येतं," द्वारका म्हणाली.

राहिलेली आठ घरी करायची असं मनकर्णानं ठरवलं होतं, पण घर पाहुण्यांनी भरलं. ओट्यावर गाद्या, ओसरीवर भांडी, गच्चीवर मांडववाले. ती ताटली घेऊन बसली की कुणीतरी येऊन विचारायचं, हे काय चाललंय, आणि तुम्ही कशाला त्रास घेता. एकदा सरूबाईनं लाडानं तिच्या हातातली ताटलीच काढून घेतली आणि गोळा फडताळात उघडा ठेवला. सकाळी तो दगड झाला होता. लग्न सोमवारी. फुलं वाळायला तीन दिवस लागतात. शनिवारी पहाटे ती बसमध्ये बसली तेव्हा लग्नघरातून आई निघून गेली, तरी कुणाचं काही अडलं नाही. तिथं तिला काम नव्हतं, म्हणून तर तिला सुटून येता आलं.

शेवटचा दिवस रंगाचा होता. मनकर्णा बारीक कुंचल्यानं देठाकडं हिरवट, कडांना गुलाबी भुकटी लावत होती आणि सारखी घड्याळ बघत होती.

"मॅडम, अंदर ये ढाँक के क्या रखे? किसका ऑर्डर है?" फरहीननं आतल्या खोलीतून ओरडून विचारलं. ती पाणी प्यायला गेली होती.

"ऑर्डर नाही. हात लावू नकोस त्या ताटाला. बाहेर ये आधी."

बारा वाजता मनकर्णा उठून द्वारकाजवळ गेली. पहिल्या दिवसापासून तिनं द्वारकाला ना मॅडम म्हटलं होतं, ना नावानं हाक मारली होती. आता तिनं आवाज खाली आणला.

"द्वारके, थोडा गोळा दे. आठच करते."

"आज मळलेला नाही. आज रंगाचा दिवस आहे."

"मळ की मग. मी थांबते चारपर्यंत."

"आज केलेली फुलं सोमवारी ओलीच राहतील. केकवर ठेवलीत की मान टाकतील, सगळ्या मांडवासमोर. चालेल?"

"पंख्याखाली ठिवीन. रातभर जागीन."

"साखर तुमच्या जागण्यानं वाळत नाही."

"मग एक थर मोकळा ठिवू का मी पोरीचा?" मनकर्णाचा आवाज चढला. सगळ्यांनी माना वर केल्या. "तुला तेच पाहिजे नव्हं? तेच बघायचंय तुला?"

"ठेवा मोकळा," द्वारका थंडपणे म्हणाली. "कुणी मरत नाही. मोकळं राहायची सवय होते माणसाला."

मनकर्णाच्या ओठांवर एक शिवी आली होती. तिनं ती गिळली आणि जागेवर येऊन बसली. कुंचला तिनं इतका जोरात टेकवला की एका फुलाला गुलाबी भुकटीचा डाग पडला. या बाईच्या दारात आपण चार शनिवार का तुडवले, असं तिला वाटलं. हिचं काळीज दगडाचंच, आणि ते आपणच केलं, हेही तिला वाटलं, आणि त्यानं राग कमी होण्याऐवजी वाढलाच.

एक वाजता बाया निघाल्या. फरहीननं "आंटी, शादी के फोटो भेजना हां" म्हणत तिचा हात दाबला. मनकर्णा डब्यात टिश्यूचे कागद घालायला लागली, तोच द्वारकानं डबा ओढून घेतला.

"द्या इकडं. तुम्ही भरलीत तर फुलंब्रीपर्यंतसुद्धा टिकणार नाहीत."

फुलांचं ताट आणि डबा घेऊन ती आतल्या खोलीत गेली. दार लोटलं. मनकर्णा रिकाम्या टेबलाशी उभी राहिली. तीन शनिवार ज्या कचऱ्याच्या डब्यात तिच्या पाकळ्या पडल्या होत्या, तो आज रिकामा होता. आत बराच वेळ लागला. द्वारका बाहेर आली तेव्हा डब्याला चारी बाजूंनी चिकटपट्टी लावलेली होती.

"रस्त्यात उघडू नका. आडवा करू नका. उन्हात ठेवू नका. आणि हळदीपासून लांब."

मनकर्णानं डबा घेतला. लग्नाची पत्रिका तिच्या पिशवीत चार शनिवार पडून होती. आजही तिनं ती काढली नाही. काढली असती तरी ही घेणार नाही, असं तिनं स्वतःला समजावलं.

"येते," ती म्हणाली.

द्वारकानं दार लावून घेतलं.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. शेजारी फर्दापूरला निघालेली एक तरुण बाई होती, मांडीवर पोर झोपलेलं. मनकर्णानं डबा दोन्ही हातांनी मांडीवर धरला होता. हर्सूल गेलं, सावंगी गेलं. फुलंब्रीच्या पुढं बस खड्ड्यात अशी आदळली की वरच्या फळीवरची पिशवी कुणाच्या तरी डोक्यात पडली. डब्यात काहीतरी वाजल्यासारखं झालं. सोळांतलं एकही मोडून चालणार नव्हतं. उघडू नका म्हणाली होती द्वारका, पण ओरडायला आता ती थोडीच समोर होती? तिनं नखानं चिकटपट्टी सोडवली आणि झाकण उचललं.

मोडलं काहीच नव्हतं. प्रत्येक फूल कागदाच्या वेगळ्या घरात बसवलेलं होतं. वरच्या थरात आठ, खालच्या थरात आठ. तिनं सवयीनं सगळा कागद उचलून तळ बघितला. तळाशी आणखी एक थर होता.

तिनं परत मोजली. चोवीस भरली.

तिनं तळातलं एक फूल उचललं. पिवळसर, पाच पाकळ्या, एकाच अंगाला वळलेल्या. बोटांना वजनच लागलं नाही. ते खिडकीच्या उजेडासमोर धरलं तर पाकळीपलीकडं तिचं स्वतःचं बोट दिसलं. तशा पाकळ्या जगात एकाच बाईला जमतात. हिनं ही फुलं रात्री जागून केली असतील की दिवसा, ते तिला ठाऊक नव्हतं. पण आठच का केली, ते तिला ठाऊक होतं. आणि ती सगळ्यांत मिसळून का ठेवली नाहीत, तळाशी वेगळी का ठेवली, तेही ठाऊक होतं. वेचून टाकायची असतील, तर सोपं जावं म्हणून.

मनकर्णानं पदर मांडीवर पसरला. एकेक करून ती आठही फुलं तिनं डब्यातून काढली आणि पदरावर ठेवली. तिच्या डोळ्यांतलं पाणी फुलांवर पडू नये म्हणून तिनं मान खिडकीकडं वळवली. पाणी लागलं की साखरेचा चिखल होतो, एवढं आता ती शिकली होती.

शेजारची बाई मघापासून बघत होती. "कपाशीच की वं ही! हुबेहूब," ती म्हणाली. मग पदराकडं बोट दाखवून तिनं विचारलं, "ती निवडून काढली, मावशी. ती खराब हायत का?"

"नाय," मनकर्णा म्हणाली. "ती केकच्या सगळ्यात वरच्या थराची हायत."